मागितलेली पोर

टोंगा देशातल्या हापायच्या बेटांवर आत्या व्हायचं असेल तर जपून व्हावं. आपल्यात म्हणतात, आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटलं असतं. इथे बिनमिशांची आत्या आली की मिशावाले काका उठून चटईच्या कडेला सरकतात. बापाची बहीण म्हणजे घरातला शेवटचा शब्द. तिच्या ताटातलं भाचरांनी खायचं नाही, तिच्या डोक्याला हात लावायचा नाही, आणि तिने काही मागितलं तर भावाने "बघू" असंसुद्धा म्हणायचं नाही. लुसेआनेला हे सगळं माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि अंगात मुरणं वेगळं, हे तिला पुढे कळलं. चांगलंच कळलं.

ती वाढली सिडनीत. आईबापांनी बेट सोडलं तेव्हा ती शाळेत जाण्याएवढी होती आणि धाकटा सेमिसी नुकता पाऊल टाकायला लागला होता. लुसेआनेला बरोबर नेलं, सेमिसीला "तूर्तास" म्हणून आजीकडे ठेवलं. असं तूर्तास इथल्या बऱ्याच घरांत असतं आणि ते जन्मभर पुरतं. बहीण तिकडे पाळणाघरात नोकरीला लागली, भाऊ इकडे मासे मारून, सुरण लावून बाप्या झाला. बाप वारला तेव्हा सिडनीतल्या चर्चमध्ये म्हाताऱ्या बाया तिच्याशी टोंगन बोलायला लागल्या आणि ही अडखळली. मागून कोणीतरी म्हणालं, "ही गोरी कुणाची गं?" ते तिच्या फार जिव्हारी लागलं. पुढे चर्चमध्ये पाद्रीबाबांनी विचारलं, आपल्या बेटांवर जाऊन वर्षभर मुलांना शिकवायला कोण तयार आहे? हिचा हात सगळ्यांच्या आधी वर गेला. सामानाची खोकी जोआन नावाच्या मैत्रिणीच्या गॅरेजात टाकली आणि बाई आली.

राहायला आजीच्या मागे रिकामं पडलेलं पत्र्याचं घर. समोरच, एका नीरफणसाच्या झाडापलीकडे, सेमिसीचं घर. तिची वहिनी लाविनिआ पहिल्याच दिवशी म्हणाली, "वन्सं, तुम्ही काही म्हणजे काही करायचं नाही. नुसतं बसायचं."

"अगं, मी काय आजारी आहे?"

"आजारी असतात तर कामं सांगितली असती. आजारी माणसाला चालवावं लागतं," लाविनिआ म्हणाली आणि तिच्या हातातला झाडू काढून घेतला.

सेमिसी स्वतः कधी आत आला नाही. मोठी बहीण घरात असताना भाऊ आत येत नाही, तिच्यासमोर वावगं बोलत नाही, जे सांगायचं ते बायकोकडून नाहीतर पोरांकडून सांगतो. ती शाळेत गेली की तो पत्र्याची गळती बुजवून जायचा, टाकीचा नळ बदलून जायचा. सकाळी दाराच्या कडीला मासे टांगलेले असायचे, अजून ओले. लुसेआनेला वाटे, एकदा याला समोर बसवून पोटभर गप्पा माराव्यात. आईबापांनी तुला ठेवलं आणि मला नेलं, याचा राग येतो का रे, असं विचारावं. ते विचारायची सोयच नव्हती.

शाळेत वेगळाच घोळ. वर्गातली निम्मी पोरं या ना त्या नात्याने तिची भाचरं, आणि उरलेली त्यांचं बघून वागणारी. एकदा तिने फळ्यावर लिहिलं, सात अधिक सहा बरोबर अकरा. मुद्दामच. "बरोबर की चूक?"

"बरोबर, आत्या!" सगळा वर्ग ओरडला.

"नीट बघा. मोजा बोटांवर."

पोरांनी बोटं मोजली. बोटांत तेरा आले, ते सगळ्यांना दिसले. मग पुढच्या बाकावरची फिफिता, सेमिसीची थोरली, दुसरीतली पोर, हळूच म्हणाली, "आत्या, तुम्ही म्हणत असाल तर अकरा."

हेडमास्तर तौफा दारात उभे राहून पोट धरून हसत होते. जाडजूड माणूस, कमरेला इथल्या रिवाजाप्रमाणे मानाची चटई गुंडाळलेली, ती हसताना वरखाली व्हायची. "बाई, मी सांगितलं असतं तर त्यांनी तेरा म्हटलं असतं. मी कोण? पगारी नोकर. तुम्ही आत्या."

"पण मग यांना शिकवायचं कसं, सर?"

"शिकवायला काय, शिकतील की. फक्त तुम्ही चुकू नका."

तेव्हापासून तिने एक खेळ काढला. रोज शेवटच्या तासाला ती काहीतरी खुळ्यासारखं विचारायची आणि पोरांनी "नाही" म्हणायचं. डुकरं झाडावर राहतात का? मासे चर्चला जातात का? पोरं खिदळायची, एकमेकांना ढोसायची, पण "नाही" तोंडातून निघताना नजर खाली जायची. फिफिता तर तोंड मिटून मान हलवायची, तीही अशी की हो की नाही ते कळू नये. लुसेआनेला वाटायचं, वर्षभरात एवढं एक जरी शिकवून गेले तरी पुष्कळ झालं.

मग आला मे महिन्यातला मुलांचा रविवार. त्या दिवशी पोरं नवे कपडे घालून चर्चमध्ये बायबलातले उतारे म्हणून दाखवतात आणि नंतर त्यांना मोठ्या माणसांच्या आधी जेवायला बसवतात. फिफिताने लाविनिआने शिवलेला पांढरा फ्रॉक घातला होता. भलामोठा उतारा तिने एका दमात म्हटला, कुठे अडली नाही, आणि शेवटी एकदम आत्याकडे बघून हसली. पुढचे दोन दात पडलेले. लुसेआनेचं काळीज पाणी पाणी झालं. जेवणाच्या मांडवात तिने पोरीला उचलून घेतलं, गालाचा मुका घेतला आणि सगळ्यांदेखत ओरडली, "लाविनिआ, ही पोर मला देऊन टाक! बॅगेत घालून सिडनीला नेते!"

असं आपण सगळेच म्हणतो. सिडनीतही म्हणतात. लाविनिआच्या हातात अळूच्या पानांत शिजवलेल्या मांसाची पुडी होती, ती हातातच राहिली. मग ती हसली. पाद्रीबाबा म्हणाले, "आमेन!" सगळा मांडव हसला, लुसेआनेही हसली. सेमिसी लांब पुरुषांत बसला होता, त्याने फक्त मान खाली घातली.

सोमवारी सकाळी दार उघडलं तर ओट्यावर फिफिता. केस तेल लावून वेणीत बांधलेले, कमरेला ताठ नवी चटई, बगलेत झोपायच्या चटईची गुंडाळी. मागे लाविनिआ उभी, डोळे सुजलेले, चेहऱ्यावर हसू.

"हे काय गं?"

"काल तुम्ही मागितलीत ना, वन्सं. आणली."

"अगं बाई, मी थट्टा केली! तोंडातून निघून गेलं."

लाविनिआचं हसू जरासुद्धा हललं नाही. "तिला रताळं आवडत नाही, पण खाईल. रात्री पाय झाडते, त्याचं मनावर घेऊ नका." आणि ती मागे न बघता झाडापलीकडे गेली.

लुसेआने तडक हेडमास्तरांकडे पळाली. तौफा सरांनी ऐकून घेतलं आणि पहिल्यांदाच हसले नाहीत.

"परत पाठवते मी तिला. आत्ताच्या आत्ता."

"बाई, ते करू नका. सेमिसीने काल कावा प्यायला बसलेल्या सगळ्यांसमोर सांगितलं, बहिणीने थोरली मागितली, दिली. आता तुम्ही परत केलीत तर लोक एकच विचारतील, पोरीत खोट काय निघाली? पलीकडच्या वस्तीत एक बाई आहे. तिला लहानपणी आत्याने परत पाठवलं होतं. आज नातवंडं झाली तिला, अजून 'परत आलेली' म्हणूनच ओळखतात."

"मग मी घेऊन जाऊ तिला? आईपासून तोडून?"

"नेलीत तर सगळे म्हणतील, नशीब काढलं पोरीने. लाविनिआही तेच म्हणेल. चारचौघांत."

"आणि एकटी असताना?"

सरांनी खांदे उडवले. मग म्हणाले, "एक वाट आहे. तुम्ही परत केलीत तर डाग लागतो. पण पोरगीच 'मला नाही राहायचं आत्याकडे' म्हणून आईकडे पळाली, तर काय? बाप दोन शब्द बोलेल, लोक हसतील, म्हणतील, आईवेडी आहे, आणि विसरून जातील. पोरीनेच 'नाही' म्हणायला हवं."

म्हणजे जे तिला वर्गात जमत नव्हतं, ते आता घरात जमवायचं होतं. इकडे आड, तिकडे विहीर आणि मधल्या चिंचोळ्या जागेत दात पडलेली एक पोर.

आधी तिने लाडीगोडीने बघितलं. "फिफिता, आईकडे जायचंय ना तुला?"

"तुम्ही म्हणाल तसं, आत्या."

मग तिने वाईट व्हायचं ठरवलं. रोज रताळंच उकडायची. अंगण झाडून झालं की पुन्हा झाडायला लावायची. खेळायची वेळ झाली की डुकरांचं खोपटं धुवायला पाठवायची. पोरीने एकदा तरी पाय आपटावा, हात झटकावा, म्हणून ती मनातल्या मनात देवाची विनवणी करी आणि तोंडाने आणखी एक काम सांगे. फिफिता सगळं करायची. रताळं गिळताना डोळ्यांत पाणी यायचं, पण ताट स्वच्छ. संध्याकाळी समोरच्या चुलीचा धूर दिसला की ती नीरफणसाच्या झाडापाशी जाऊन उभी राहायची. झाडाच्या पुढे एक पाऊल टाकायची नाही. पलीकडे लाविनिआ थोरलीचं ताट सवयीने मांडायची, मग उचलून ठेवायची. हे लुसेआने रोज खिडकीतून बघायची आणि स्वतःचाच तिला संताप यायचा.

एकदा न राहवून तिने तौफा सरांकरवी भावाला विचारून बघितलं, पोर अधूनमधून घरी झोपली तर चालेल का. सेमिसीने एवढंच विचारलं, "काय चुकलं तिचं?" दुसऱ्या दिवशी फिफिताने न सांगता अंगण झाडलं, परत झाडलं, आणि रात्री पाय झाडू नयेत म्हणून दोन्ही पाय चटईत घट्ट गुंडाळून झोपली. त्यानंतर लुसेआनेने तो विषय काढला नाही.

डिसेंबरात शाळा संपली. आता तिची एकच आशा होती. खरोखर निघायची वेळ आली, बोट समोर दिसली, की पोरगी फुटेल. राजधानीत जाऊन पोरीचे कागद करायचे, तिथून सिडनी, असं तिने जाहीर केलं. धक्क्यावर सगळं गाव जमलं. बायांनी फुलांच्या माळा घातल्या, भजन सुरू झालं. बेटावरच्या माणसांना कोणी निघालं की फार सुंदर गाता येतं, त्याचाही तिला राग आला. फिफिता तोच पांढरा फ्रॉक घालून उभी होती, बगलेत गुंडाळी.

लुसेआने तिच्यासमोर उकिडवी बसली. "फिफिता, हे बघ. बोटीत चढलो की आई दिसणार नाही. बाबा दिसणार नाहीत. सगळ्यांना ऐकू जाईल असं सांग. यायचंय की नाही? नाही म्हणालीस तर मी रागावणार नाही, शप्पथ."

पोरीने मागे बघितलं. माणसांच्या घोळक्याबाहेर सेमिसी उभा होता. मग ती पुन्हा आत्याकडे वळली. ओठ हलले. सगळा धक्का गात होता, तरी लुसेआनेला ते स्पष्ट ऐकू आलं.

"तुम्ही म्हणाल तसं, आत्या."

आणि तेव्हाच लुसेआनेला दिसलं, की पांढऱ्या फ्रॉकवर खालपर्यंत ओल पसरली होती. चेहरा शांत, पाय जुळवलेले, आणि सिमेंटवर पायांपाशी थारोळं. लुसेआनेने पटकन गळ्यातल्या माळा काढून तिच्या कमरेभोवती धरल्या, कोणाला दिसू नये म्हणून.

"सामान उतरवा," ती म्हणाली. "शाळेला अजून एक वर्ष माझी गरज आहे."

गावाला आनंदीआनंद झाला. एक वर्षाची दोन झाली, मग कोणी मोजेना. सरकारी यादीत तिचं नाव लागलं, स्वयंसेविकेची मास्तरीण झाली. फिफिता तिच्याकडे राहायची आणि आई झाडापलीकडे दिसायची, एवढीच काय ती तिला सुचलेली तडजोड. तिने रताळं उकडणं बंद केलं. जोआन आधी दर नाताळला विचारायची, खोक्यांचं काय करू? मग एका नाताळला म्हणाली, गॅरेज रिकामं करावं लागलं गं, देऊन टाकली. लुसेआने फोनवर "बरं केलंस" म्हणाली आणि फोन ठेवून बराच वेळ टाकीच्या मागे जाऊन रडली. त्या खोक्यांत एक हिवाळी कोट होता. हापायमध्ये त्याचा काय उपयोग! पण तो असेपर्यंत तिला वाटायचं, आपण पाहुणी आहोत.

खोटं कशाला सांगू, ती सुखात नव्हती. गावाला वाटे, आत्या आमच्यावर जीव टाकते. आत्याला कधीकधी कडीवरचे मासे काढून समुद्रात फेकावेसे वाटत. कुठल्याही घरी गेली तर तिच्यासाठी चटई अंथरली जाई आणि तिच्याभोवतीच्या गप्पा थांबत. ती कोणाशी भांडू शकत नव्हती, कारण समोरचा भांडतच नसे. सगळे ऐकतात म्हणजे कोणीच बोलत नाही, हे तिने एकदा तौफा सरांना सांगितलं. सर म्हणाले, "बाई, माझ्या बायकोला हे सांगू नका. तिला वाटेल मला बढती मिळाली." त्यांच्याशी तेवढं तिला हसता यायचं. ते निवृत्त होऊन मुलाकडे गेले आणि तेही गेलं. काही दिवस तर तिला फिफिताचाही राग येई. पोर अभ्यास करत खाली मान घालून बसलेली असे आणि हिच्या मनात येई, ही नसती तर मी केव्हाच गेले असते. मग शरमून ती पोरीच्या केसांना तेल लावत बसे.

फिफिता मोठी झाली. आईपेक्षा उंच झाली, राजधानीतल्या शिक्षकांच्या कॉलेजात तिला जागा मिळाली. ही बातमी आली त्या दुपारी दोघी ओट्यावर केवड्याच्या पानांची चटई विणत बसल्या होत्या. फिफिताने हातातली पट्टी खाली ठेवली.

"आत्या, कॉलेज सुरू होईपर्यंत मी आईकडे जाते राहायला. आणि सुट्टीतही तिकडेच येईन."

"जा की. मीच सांगणार होते, जा म्हणून—"

"तुम्ही सांगाल म्हणून नाही. मी माझी सांगतेय. मला इथे राहायचं नाही." तिचा आवाज कापत होता, पण नजर वर होती. "नाही म्हणतेय मी, आत्या. डुकरं झाडावर राहत नाहीत, मासे चर्चला जात नाहीत, आणि मी तुमच्याकडे राहत नाही."

लुसेआनेने विणकामावरून मान वर केली.

"मला तेव्हाही येत होतं म्हणायला," फिफिता म्हणाली. "धक्क्यावर. अगदी ओठांवर होतं. पण बाबांनी सांगितलं होतं, काही झालं तरी आत्याला नाही म्हणू नकोस. रताळं खायला लावलं तरी खा. तू नाही म्हणालीस तर आत्या सुटेल, आणि जाईल. तुला आईपासून तोडून नेणं काही तिच्याने होणार नाही. एकदा गेली होती, परत यायला किती वर्षं लागली बघ."

"सेमिसी असं म्हणाला?"

"मी आता लहान नाही. लोक हसतील आणि विसरतील. तुम्ही जा, आत्या, सिडनीला. तुम्हाला अडवायला आता कोणी नाही." एवढं बोलून तिने चटई गुंडाळली, बगलेत धरली, आणि इतकी वर्षं जिथे थांबत होती त्या झाडापलीकडे चालत गेली. पलीकडून लाविनिआचा आवाज आला, "अगं भवाने, आत्याला तोंड वर करून बोललीस? लाज वाटते का!" मग तोच आवाज फुटला आणि मायलेकींच्या रडण्याचा गलका ऐकू आला. शेजारणी कुंपणापाशी जमल्या, हसल्या, "आईवेडी ती आईवेडीच," म्हणाल्या. सर म्हणाले होते तस्संच झालं.

लुसेआने ओट्यावर बसून राहिली. आपण कोणामुळे अडकलो, हे इतकी वर्षं तिला पाठ होतं. आता बोट शनिवारी होती आणि वाट मोकळी होती. तिकडे ना खोकी, ना कोट, ना कोणाचं गॅरेज. पिंजऱ्याचं दार उघडलं होतं आणि तिला उठून उभंसुद्धा राहवेना. संताप आला तिला, भावाचा, पोरीचा, स्वतःच्या जिभेचा. मग नुसतंच रडू आलं.

दिवस मावळता सेमिसी आला. केस पांढरे व्हायला लागलेले, कमरेला चर्चची चटई, हातात काही नाही. तो पायरीवर चढला नाही. खालीच, अंगणात, जमिनीकडे बघत उभा राहिला. म्हणाला, "ताई, जाणार का तुम्ही?"

त्याने तिला समोर येऊन आजवर काहीच विचारलं नव्हतं. लुसेआनेने त्याच्याकडे नीट बघितलं. आईबाप जाताना धक्क्यावर आजीच्या कडेवर असाच दिसला असेल का हा? तिला आठवत नव्हतं. ती बोटीत खाऊ खात बसली होती.

"नाही," ती म्हणाली. हे प्रेमाने म्हटलं की जायला जागा नाही म्हणून, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. तिने डोळे पुसले आणि मग तिचा आवाज चढला. "पण हे तेव्हाच विचारायचं होतंस ना रे! ताई राहतेस का, एवढंच विचारायचं. पोटची पोर कशाला दिलीस?"

सेमिसी अजून जमिनीकडेच बघत होता.

"भावाने मागायचं नसतं, ताई," तो म्हणाला. "तुम्ही काहीतरी मागाल, याची मी तुम्ही आल्या दिवसापासून वाट बघत होतो."